खिडकीच्या अलीकडचा माणूस

श्रोतेहो, नमस्कार.

गळिताच्या हंगामात रात्री चिकोडी भागातून जाताना साखर कारखाना दोन मैलांवरून दिसतो. ट्रॅक्टरांची रांग, मळीचा वास आणि दिव्यांनी उजळलेलं आवार. ते दिवे बहुतेक ठिकाणी कारखान्याच्याच विजेवर लागलेले असतात. रस काढून राहिलेला बगॅस बॉयलरमध्ये जातो, त्याची वाफ टर्बाइन फिरवते आणि टर्बाइनमधून बाहेर पडलेली तीच वाफ पुढे रस उकळायला वापरतात. जळण एक, कामं दोन. शिल्लक वीज सरकारी तारांवर जाते. हीच सहवीज. कोळशाच्या साध्या केंद्रात शंभर भाग उष्णतेतून पस्तीसेक भागच वीज हाती लागते, बाकीची हवेत आणि पाण्यात जाते, हे लक्षात घेतलं की या वाफेची किंमत कळते.

याच धंद्यातला एक माणूस अमेरिकेत राजकारणात गेला. शॉन कॅस्टन त्यांचं नाव. कारखान्यांत वाया जाणाऱ्या वाफेतून वीज काढणारी यंत्रं बसवणाऱ्या टर्बोस्टीम कंपनीचे ते प्रमुख होते. पुढे २००७ साली वडिलांबरोबर त्यांनी अशाच कामाची दुसरी कंपनी काढली. २०१८ मध्ये शिकागोच्या पश्चिमेकडच्या उपनगरांतून ते तिथल्या प्रतिनिधीगृहात निवडून गेले. ती जागा कित्येक दशकं त्यांच्या विरोधी पक्षाकडे होती. कॅस्टन बापलेक वर्षानुवर्षं सांगत आले, की यंत्र आहे, पैसाही वाचतो, पण विजेचे नियमच जुन्या पद्धतीला धरून केलेले आहेत. २०२२ मध्ये स्वच्छ ऊर्जेला सवलती देणारा मोठा कायदा तिथे झाला, त्याच्या बाजूने त्यांनी मत दिलं. २०२५ मध्ये त्यातल्या बऱ्याच सवलती नव्या सरकारने काढून घेतल्या. कायदा करणारे बदलले की धंदा एका रात्रीत हलतो तो असा.

मी खानापूर, बेळगाव भागात घरांवर सोलर बसवतो. माझा धंदा लहान, पण हे दुखणं मला ओळखीचं आहे.

खानापूर तालुक्यातले एक निवृत्त गुरुजी. पेन्शनच्या पैशातून त्यांनी तीन किलोवॅटचे पॅनल घेतले. आमचं काम दोन दिवसांत झालं. मग नेट मीटरचा अर्ज, म्हणजे घेतलेली आणि तारेवर दिलेली वीज दोन्ही मोजणाऱ्या मीटरचा. घराचं वीजजोडणीचं खातं अजून त्यांच्या वडिलांच्या नावावर, आणि वडील जाऊन वीस वर्षं झालेली. आधी नाव बदला, मग मंजूर भार वाढवा, मग पुन्हा अर्ज करा. फॉर्म सगळे कन्नडमध्ये, ते मी भरून दिले. सात महिने पॅनल उन्हात तापत राहिले. गुरुजी दर आठवड्याला ओल्या फडक्याने ते पुसायचे. मी गेलो की विचारायचे, "बाळ, आज तरी साहेब भेटले का रे?" वीज कार्यालयाच्या त्या खिडकीपुढे उभं राहून मला कॅस्टन का निवडणुकीला उभे राहिले असतील ते कळलं.

दुसरी अडचण वेगळी. राज्यात २०२३ पासून गृहज्योती योजनेत २०० युनिटपर्यंत घरगुती वीज मोफत मिळते. गरिबाच्या घरात त्याने उजेड आला, आणि ते चांगलंच झालं. पण केंद्राची सूर्यघर योजना २०२४ मध्ये आली, तीन किलोवॅटला ७८ हजारांचं अनुदान घेऊन, आणि गिऱ्हाईक मला म्हणतं, "अण्णा, बिल शून्य येतंय की हो, पॅनल कशाला पायजे?" त्याचं काही चुकत नाही. बंगळूरने एक योजना केली, दिल्लीने दुसरी, आणि दोघांचा मेळ घालायला कुणी बसलंच नाही.

शेतकऱ्याचं तर विचारूच नका. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा, वेदगंगा, दूधगंगेच्या पाण्यात ऊस कुजला. २०२३ मध्ये दुष्काळ पडला. साखर कमी होणार या भीतीने केंद्राने त्या डिसेंबरात उसाच्या रसापासून इथेनॉल करायला मनाई केली, मग काही दिवसांत ती सैल केली. इथेनॉलवर कर्ज काढून बसलेल्या कारखान्याची घडी विस्कटली आणि उसाची बिलं कधी निघणार याची काळजी गावागावांत शिरली. हवामानाचं धोरण म्हणजे काय, हे कुणाला समजावायचं असेल तर मी हेच सांगेन.

आता तुम्ही म्हणाल, आपल्याकडे तर कारखानदारच आमदार असतात. खरं आहे. शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातले मुरुगेश निराणी साखर आणि इथेनॉलच्या उद्योगातून आले आणि राज्याचे उद्योगमंत्री झाले. अशा माणसाला बॉयलर कळतो, बँक कळते, हे मोठं बळ आहे. पण वीज विकणारा आणि विजेचं धोरण ठरवणारा एकच माणूस झाला, तर ऊस घालणाऱ्याच्या बाजूने कोण बोलणार? ही शंका मी कुणा एकावर घेत नाही. ती रचनेतच आहे, आणि मी स्वतः उभा राहिलो तर माझ्यावरही घेतली पाहिजे.

गेल्या खेपेला गावाने मला पंचायतीला उभं राहा म्हणून विचारलं होतं. धंद्याचं कारण सांगून मी नाही म्हटलं. आज त्याची रुखरुख वाटते. आपल्या सीमाभागात मत भाषेवर मागितलं जातं, आणि भाषेचा प्रश्न मलाही जिवाचा आहे, फॉर्म कन्नडमध्ये भरताना तो रोज टोचतो. पण त्याच सभेत आपल्या उमेदवाराने नेट मीटरबद्दल, पूररेषेबद्दल बोलावं, एवढं मागायला आपण का कचरतो? वीज नियामक आयोग दर ठरवण्याआधी हरकती मागवतो, जाहीर सुनावणी घेतो. तिथे आपल्या भागातून कोण गेलं होतं, हे मी आता मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला विचारतो. पुढच्या वेळी गावाने मला पुन्हा विचारलं तर मी हो म्हणणार आहे, आणि शाळेच्या, पंचायतीच्या छतावरचं एकही काम माझं दुकान घेणार नाही, हे अर्ज भरण्याआधी ग्रामसभेत लिहून देणार आहे.

गुरुजींचं मीटर आठव्या महिन्यात लागलं. त्या दुपारी त्यांनी मला फोन करून तारेवर गेलेल्या युनिटचा पहिला आकडा वाचून दाखवला, आणि लगेच शेजारच्या दोन घरांचे कागद कसे करायचे ते विचारलं.

नमस्कार.