फॅशनच्या मासिकात युद्ध: ली मिलर आणि ऑड्री विदर्स

ली मिलरचं नाव तुमच्यापैकी काहींनी ऐकलं असेल. मार्च १९२७च्या अमेरिकन 'व्होग' या फॅशन मासिकाच्या मुखपृष्ठावर ती झळकली. फोटोतून नव्हे बरं का, चित्रातून. तेव्हा मुखपृष्ठं रंगवलेली असत. मग स्टायकनसारख्या नामवंत छायाचित्रकारांनी तिचे फोटो काढले. त्यातला एक तिला न विचारताच सॅनिटरी पॅडच्या जाहिरातीत छापला गेला आणि केवढा गहजब झाला! १९२९मध्ये ती पॅरिसला मॅन रे या कलावंत छायाचित्रकाराकडे गेली आणि स्वतःच फोटो काढू लागली. इथवर सगळे सांगतात.

मला तिच्या संपादिकेबद्दलही बोलायचं आहे. ऑड्री विदर्स १९४०मध्ये ब्रिटिश 'व्होग'ची संपादक झाली. लंडनवर बॉम्ब पडत होते, कागद रेशनवर. कारखान्यांत बायकांचे लांब केस यंत्रात अडकत, म्हणून आखूड केसांची फॅशन आणा, असं सरकारच मासिकांना सांगत होतं. हुकूम काढून जे जमेना ते फॅशनवाल्यांनी करायचं! अशा मासिकात ली मिलर कपड्यांबरोबर गणवेशातल्या बायकांचेही फोटो काढायची. १९४४मध्ये तिनं फ्रान्समधल्या सँ मालोचा वेढा टिपला. प्रत्यक्ष लढाईच्या जागी जायला बायकांना मनाई होती, तरी. लिपस्टिकच्या जाहिराती छापणाऱ्या मासिकात विदर्सनं ते छापलं. याला धाडस लागतं.

आता तो प्रसिद्ध फोटो. ३० एप्रिल १९४५, म्युनिकमधलं हिटलरचं घर. ली मिलर त्याच्या बाथटबमध्ये बसली आहे. फोटो तिचा सहकारी छायाचित्रकार डेव्हिड शर्मननं काढलाय. टबाच्या कडेला हिटलरची तसबीर, उजवीकडे टेबलावर एका नग्न स्त्रीची मूर्ती, आणि खाली पायपुसण्यावर तिचे लष्करी बूट. त्या बुटांना डाखाऊच्या छळछावणीतला चिखल आहे. त्याच दिवशी सकाळी ती तिथं होती. काही जण याला चटकन टिपलेला क्षण समजतात. मला तसं वाटत नाही. तसबीर, मूर्ती, बूट, सगळं कसं नेमकं चौकटीत बसलंय पाहा. ही स्टुडिओतली मांडणी आहे, फॅशनच्या फोटोंत मुरलेल्या बाईची. त्या पायपुसण्यावर चिखल पुसण्यातली खुन्नसही तिचीच.

छावण्यांमधले फोटो पाठवताना तिनं विदर्सला तार केली होती: हे खरं आहे, कृपा करून विश्वास ठेवा. जूनमध्ये अमेरिकन 'व्होग'नं 'बिलीव्ह इट' अशा मथळ्याखाली ते ठळकपणे छापले. लंडनच्या अंकात मात्र प्रेतांच्या ढिगाचा एकच फोटो आला, तोही इवलासा. विजयाच्या आनंदात असं काही मोठं छापणं बरं दिसेना, असं विदर्सनं नंतर सांगितलं. मला तिचं म्हणणं कळतं, पण पटत नाही. सँ मालोला पानंच्या पानं देणारी हीच बाई होती, आणि या वेळी तिच्याच बातमीदारानं हात जोडून मागणं केलं होतं.