सिंहासन मिळण्याआधीची तीनशे वर्षं

श्रोतेहो, नमस्कार.

ख्रिस्ती धर्माच्या उगमाची गोष्ट सांगताना आपण येशूच्या क्रुसावरून निघतो आणि पाहता पाहता रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनपाशी येऊन पोचतो. मधली जवळजवळ तीनशे वर्षं मागे पडतात. मला आज त्याच वर्षांबद्दल बोलायचं आहे. या काळात ख्रिस्ती माणसांच्या पाठीशी राजा नव्हता, फौज नव्हती, कायदा तर उलट त्यांच्या विरोधातच होता. आणि नेमकी याच काळात ती गावोगाव पसरली.

येशू गालीलातला यहूदी, अरामी बोलणारा. इ.स. 30च्या सुमारास यरुशलेमात, रोमन सुभेदार पंतय पिलाताच्या हुकमावरून त्याला क्रुसावर मारलं गेलं. गुलामांना आणि बंडखोरांना द्यायची ती शिक्षा. एवढ्यावर सगळं आटोपायला हवं होतं. पण शिष्य सांगू लागले की तो मेलेल्यांतून उठला आहे, आम्ही त्याला पाहिलं आहे. ते यरुशलेमातच राहिले, तिथल्या मंदिरात प्रार्थनेला जात राहिले. येशूचा भाऊ याकोब त्यांचा एक पुढारी होता. हे सगळं यहूदी धर्माच्या अंगणातच चाललं होतं.

पेच पडला तो यहूदी नसलेले लोक येऊ लागले तेव्हा. त्यांची सुंता करायची का? खाण्यापिण्याचे नियम त्यांना लागू करायचे का? सीरियातल्या अंत्युखिया शहरात हा वाद थेट जेवणाच्या पंगतीत येऊन बसला. पेत्र, येशूचा पट्टशिष्य, आधी या परक्या लोकांबरोबर जेवत होता. याकोबाकडची माणसं आली आणि तो पंगतीतून मागे सरला. पौल, येशूचा संदेश गावोगाव नेणारा प्रचारक, याचं म्हणणं होतं की यहूदी नसलेल्यांवर हे नियम लादू नयेत; त्याने पेत्राला सर्वांदेखत सुनावलं. पौलानेच हे गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात नोंदवून ठेवलं आहे. कोण कुणाबरोबर जेवणार, या प्रश्नात माणसाची केवढी मानहानी दडलेली असते, हे आपल्या श्रोत्यांना मी वेगळं सांगायला नको. मला तर वाटतं, या धर्माचं पुढचं सगळं भवितव्य त्या पंगतीत ठरत होतं. पौलाचं म्हणणं मागे पडलं असतं, तर हा यहूदी धर्मातला एक लहानसा पंथ राहिला असता.

हा पौल तंबू शिवून पोट भरायचा. करिंथ शहरात तो अक्विला आणि प्रिस्किल्ला या जोडप्याकडे राहिला. त्यांचाही धंदा तोच. सम्राट क्लौद्याने यहूद्यांना रोममधून घालवलं तेव्हा ही दोघं तिथून आली होती. पुढे त्यांच्याच घरी मंडळी जमायची. रोमकरांना लिहिलेल्या पत्रात पौल किंख्रिया बंदरातल्या फीबी नावाच्या सेविकेची शिफारस करतो, आणि ते पत्र रोमला तिनेच नेलं असावं असं अभ्यासक मानतात. एखादं घर, थोडी ओळखीची माणसं, भाकर आणि द्राक्षारस, मोठ्याने वाचलेलं एखादं पत्र. सुरुवातीची मंडळी ती एवढीच.

बाहेरच्या माणसाला हे कसं दिसत होतं? याचा फार मोलाचा पुरावा इ.स. 112च्या आसपासचा आहे. आजच्या तुर्कस्तानच्या उत्तर भागातला रोमन सुभेदार प्लिनी सम्राट ट्रेजनला पत्र लिहून विचारतो, या ख्रिस्ती लोकांचं करायचं काय? चौकशीत त्याला कळलं ते इतकंच, की ठरलेल्या दिवशी ते पहाटेपूर्वी जमतात, ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र गातात, चोरी आणि व्यभिचार करणार नाही, दिलेला शब्द मोडणार नाही, अशी शपथ घेतात; मग पांगतात आणि जेवायला पुन्हा एकत्र येतात. तरी खात्री पटेना, म्हणून त्याने दोन दासींचा छळ करून माहिती काढली. त्या मंडळीच्या सेविका होत्या. हाती काय लागलं, तर त्याच्या भाषेत, एक अतिरेकी अंधश्रद्धा. त्या दोघींची नावं त्याने लिहिली नाहीत. मला हे पत्र वाचताना सुभेदारापेक्षा त्याच दोघी मोठ्या वाटतात. समाजाच्या तळाशी असलेल्या दासी आपल्या मंडळीत जबाबदारीच्या जागी होत्या, हे त्यांना छळणाऱ्याच्याच हाताने लिहून ठेवलं गेलं. हे लोण शहरांपुरतं नाही, खेड्यापाड्यांतही पोचलं आहे, अशीही प्लिनीची तक्रार आहे. ट्रेजनने उत्तर दिलं: मुद्दाम शोधत फिरू नका, निनावी तक्रारी घेऊ नका, पण पकडून आणलेला माणूस आपल्या देवांची पूजा करायला तयार झाला नाही तर शिक्षा करा.

छळ सगळीकडे आणि सतत चालू होता असं मात्र नाही. तो लाटांसारखा यायचा. डेसियस सम्राटाने 249च्या अखेरीस सर्वांनी देवांना बळी अर्पण करावा असा हुकूम काढला, आणि तसं केल्याचे दाखले लोकांना घ्यावे लागले. इजिप्तच्या वाळूत हे दाखले आजही सापडले आहेत. पुष्कळ ख्रिस्ती डगमगले, काहींनी पैसे देऊन दाखले मिळवले. अशांना परत घ्यायचं की नाही यावरून मंडळीत कडाक्याचं भांडण झालं. त्याच सुमारास रोमचा बिशप कर्नेलियस एका पत्रात लिहितो की त्याची मंडळी 1500हून अधिक विधवा आणि गरजूंना पोसते आहे. साथीच्या रोगात आजाऱ्यांची सेवा, बेवारस मढ्यांना मूठमाती, हीही कामं ही माणसं करत होती. वाढीचं कारण प्रवचनांपेक्षा मी इथेच शोधीन.

313 साली मिलानमध्ये कॉन्स्टंटाइन आणि लिसिनियस यांनी ख्रिस्ती लोकांना उपासनेची मोकळीक दिली. तोवर हा धर्म रोमच्या सरहद्दीपलीकडे, मेसोपोटेमियात आणि इराणातही गेला होता. त्या बाजूला रोमच्या सम्राटाचा वशिला चालत नव्हता. रोमचा वैरी असलेल्या इराणात तर त्याच्याशी नातं जोडलं जाणं जिवावर बेतायचं. तरीही त्याच वाटेने, समुद्रावरच्या व्यापाऱ्यांबरोबर, हा धर्म हिंदुस्थानच्या किनाऱ्याकडे येत राहिला. सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाचा कॉस्मस नावाचा दर्यावर्दी व्यापारी लिहितो की मलबारात ख्रिस्ती मंडळी आहे, आणि कल्लियाना या बंदरात इराणमधून नेमलेला बिशप आहे. हे कल्लियाना म्हणजे आपल्या ठाण्याजवळचं कल्याण, असं बरेच अभ्यासक मानतात. पोर्तुगीज जहाजं आपल्या किनाऱ्याला लागली, ती त्यानंतर जवळजवळ हजार वर्षांनी.