घरकुलाचा हप्ता आणि त्यामागचे नियम

श्रोतेहो, नमस्कार.

प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागातून घरकुल मंजूर झाले, की गावात पहिला प्रश्न विचारला जातो तो "पैसे किती मिळणार" हा. ते पैसे कोणत्या क्रमाने आणि कशाच्या बदल्यात मिळणार, हा दुसरा प्रश्न मात्र बहुधा पाया खोदून झाल्यावर पुढे येतो. आज मी या दुसऱ्या प्रश्नावरच अधिक वेळ घालवणार आहे, कारण घरकुल अर्धवट राहते तेव्हा त्याचे कारण जितके अपुऱ्या रकमेत असते, तितकेच ती रक्कम हाती येण्याच्या क्रमातही असते, असे माझे मत आहे.

सरकारी पैशातून गरिबांना घर ही कल्पना जुनी आहे. इंदिरा आवास योजना १९८५ साली ग्रामीण रोजगाराच्या एका कार्यक्रमाचा भाग म्हणून सुरू झाली आणि १ जानेवारी १९९६ पासून ती स्वतंत्र योजना झाली. तिच्यावर महालेखापरीक्षकांनी २०१४ च्या अहवालात जे आक्षेप घेतले, त्यांत लाभार्थी निवडीतील अपारदर्शकता, बांधकामाचा निकृष्ट दर्जा आणि देखरेखीचा अभाव हे प्रमुख होते. २०१६ पासून लागू झालेल्या सध्याच्या योजनेचे नियम वाचताना हे आक्षेप डोळ्यांसमोर ठेवावेत. मग पावलोपावली फोटो का, यादी ग्रामसभेपुढे का, पैसे थेट खात्यातच का, या प्रश्नांची उत्तरे आपोआप मिळतात.

निवडीचे नियम आधी थोडक्यात सांगतो. मूळ यादी २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जात सर्वेक्षणावरून तयार झाली. बेघर कुटुंबे आणि कच्च्या भिंती व कच्चे छप्पर असलेल्या शून्य, एक किंवा दोन खोल्यांत राहणारी कुटुंबे तीत धरली होती. त्यातून सुटलेल्यांसाठी २०१८-१९ मध्ये पुन्हा सर्वेक्षण झाले आणि त्यातून निघालेली यादी आपल्याकडे "ड यादी" या नावाने तोंडात बसली. कोणाला वगळायचे याचे निकषही ठरलेले आहेत आणि २०२४ मध्ये ते सैल करण्यात आले. पूर्वी दारात दुचाकी, घरात फ्रिज किंवा लँडलाइन फोन असला तरी कुटुंब बाद होत असे. या अटी आता गेल्या आहेत आणि कुटुंबातील एखाद्या सदस्याच्या मासिक कमाईची मर्यादा १०,००० रुपयांवरून १५,००० रुपयांवर नेली आहे. मात्र तीनचाकी किंवा चारचाकी वाहन, ५०,००० रुपये वा त्याहून अधिक मर्यादेचे किसान क्रेडिट कार्ड, अडीच एकर किंवा जास्त बागायती अथवा पाच एकर किंवा जास्त कोरडवाहू जमीन, यांपैकी काहीही असेल तर नाव यादीतून निघते. कोरडवाहू पाच एकरांची ही अट मराठवाड्यासारख्या भागात मला कठोर वाटते, कारण पाऊस दगा देतो त्या वर्षी पाच एकरांच्या मालकाची आणि शेतमजुराची मिळकत यांत फारसे अंतर उरत नाही. तरीही नियम आज तसा आहे.

आता रकमेकडे वळू. सपाट भागात प्रत्येक घरकुलाला १,२०,००० रुपये आणि डोंगराळ, दुर्गम व नक्षलग्रस्त भागात १,३०,००० रुपये मिळतात. त्यातील ६० टक्के वाटा केंद्राचा आणि ४० टक्के राज्याचा असतो. याशिवाय रोजगार हमीतून ९० दिवसांच्या अकुशल कामाची मजुरी मिळण्याची तरतूद आहे. महाराष्ट्रात २०२५-२६ साठी रोजचा दर ३१२ रुपये होता, म्हणजे त्या दराने ही मजुरी २८,०८० रुपये होते. पूर्वी शौचालयाचा लाभ घेतलेला नसेल, तर स्वच्छ भारत अभियानातून त्यासाठी १२,००० रुपये मिळतात. महाराष्ट्र शासनाने २०२५ मध्ये स्वतःकडून आणखी ५०,००० रुपयांची वाढ जाहीर केली. त्यांतले ३५,००० रुपये बांधकामासाठी आहेत आणि उरलेले १५,००० रुपये छतावर सौर पॅनेल बसवणाऱ्यासाठी आहेत. तेव्हा "सरकार दोन लाख देते" असे जे चावडीवर ऐकू येते, ते खोटे नाही. मात्र हे दोन लाख एका खिशातून, एका दिवशी आणि एका कागदावर मिळत नाहीत. मजुरीचे पैसे हजेरीपत्रक भरल्यावर जॉब कार्डधारकाच्या खात्यात वेगळे येतात. जॉब कार्ड नसेल किंवा मस्टर, म्हणजे हे हजेरीपत्रक, वेळेवर निघाले नाही, तर ही जवळजवळ अठ्ठावीस हजारांची रक्कम कागदावरच राहते. कित्येक कुटुंबे तिच्याकडे लक्ष देत नाहीत. मुख्य हप्ता आला का, हे पाहण्यासाठी ती पासबुक घेऊन बँकेत खेटे घालतात, पण मस्टर निघाले का, हे विचारायला ग्रामपंचायतीत जात नाहीत.

हप्त्यांचा क्रम हा या योजनेचा कणा आहे. मंजुरीनंतर आपल्याकडे १५,००० रुपयांचा पहिला हप्ता खात्यात जमा होतो. त्यानंतरचा प्रत्येक हप्ता बांधकामाच्या ठरावीक टप्प्याला जोडलेला असतो, आणि तो टप्पा गाठल्याचा पुरावा म्हणजे मोबाइलवरच्या आवास अॅपमधून काढलेला फोटो. पंचायत समितीचा गृहनिर्माण अभियंता येतो, जोत्यासमोर घरमालकिणीला उभी करतो आणि फोटो काढतो. त्या फोटोबरोबर अक्षांश, रेखांश, तारीख आणि वेळ आपोआप नोंदली जाते. बांधकाम सुरू होण्याआधी कुटुंब राहत असलेल्या जुन्या घराचा आणि नव्या जागेचाही असाच फोटो घेतलेला असतो. म्हणून मंजुरी एका जागेवर आणि बांधकाम दुसऱ्या जागेवर, असे केल्यास पुढचा हप्ता अडकतो आणि तो सोडवता सोडवता पावसाळा येतो. जागा बदलायचीच असेल, तर पायाची कुदळ मारण्यापूर्वी ग्रामपंचायत अधिकाऱ्याला, म्हणजे आपण ज्यांना आजवर ग्रामसेवक म्हणत आलो त्यांना, सांगून नोंद दुरुस्त करून घ्यावी.

या क्रमाचा अर्थ असा, की प्रत्येक टप्प्याचे काम आधी करायचे आणि पैसे नंतर घ्यायचे. ज्याच्याकडे काहीच नाही, त्याच्यासाठी हा नियम उलटा आहे, असे कोणी म्हटले तर मी त्याला चूक म्हणणार नाही. १५,००० रुपयांत जोते उभे राहत नाही. मग सिमेंट आणि सळई उधारीवर येते, गवंडी अर्ध्या मजुरीवर थांबतो, आणि दुसरा हप्ता दुकानदाराकडे वळता होतो. पण संपूर्ण रक्कम आधी दिली, तर घर बांधलेच जाणार नाही अशी भीती सरकारला असते, आणि इंदिरा आवासच्या काळातील अर्धी घरे पाहिलेल्या कोणालाही ती अनाठायी वाटणार नाही. केंद्राकडून राज्याला निधी येतो तोही हप्त्यांनीच येतो आणि आधीचा खर्च दाखवल्याशिवाय पुढचा सुटत नाही. वर अडकलेला पैसा शेवटी खाली जोत्याशीच अडकतो. हे गावातल्या बाईला कोणी सांगत नाही, आणि तिला वाटते की आपल्याच कागदात खोट आहे.

उधारीची ही कोंडी टाळण्याचा खरा उपाय घराच्या आकारात आहे. नियम सांगतो की स्वयंपाकाच्या स्वच्छ जागेसह घर किमान २५ चौरस मीटरचे, म्हणजे सुमारे २६९ चौरस फुटांचे असावे. गावात मात्र एकदा बांधायचेच तर पुढच्या पिढीचाही विचार करावा म्हणून जोते चारशे, पाचशे फुटांचे धरले जाते. भावना समजण्यासारखी आहे, परंतु हिशेब तिला दाद देत नाही. जोते मोठे घेतले की भिंती वाढतात, लिंटेलची, म्हणजे दारे-खिडक्यांवरच्या आडव्या तुळईची, सळई वाढते, आणि सर्वांत जास्त वाढतो तो स्लॅबचा खर्च. असे घर बहुतेक वेळा लिंटेलपर्यंत येऊन थांबते. वर ताडपत्री अंथरून माणसे राहायला जातात आणि छताचा फोटो निघत नसल्यामुळे पुढचे पैसे येत नाहीत. २६९ फुटांचे घर पूर्ण करावे, हप्ते सगळे घ्यावेत, आणि वाढवायचे असेल तर एका बाजूला सळईची टोके ठेवून पुढे सवडीने वाढवावे, असा माझा सल्ला आहे.

जमिनीचा पोत हा आणखी एक मुद्दा, ज्याचा नियमांत कुठे उल्लेख येत नाही. रत्नागिरीच्या जांभ्यावर किंवा माळरानाच्या मुरमावर पाया दोन-तीन फुटांत बसतो. विदर्भ-मराठवाड्याच्या काळ्या मातीत तो मुरूम लागेपर्यंत खाली न्यावा लागतो, नाहीतर पावसाळ्यात माती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि दोन वर्षांत भिंतीला तडे जातात. दोघांनाही अनुदान मात्र एकच. काळ्या जमिनीवरच्या कुटुंबाने आकाराचा मोह आणखी आवरावा. २०२५ च्या वाळू धोरणात घरकुलाला ५ ब्रास, म्हणजे ५०० घनफूट, इतकी वाळू विनामूल्य देण्याची तरतूद आहे. ती खोल पायाला चांगली उपयोगी पडू शकते, पण वाहतुकीचा खर्च आपला आपल्याला करावा लागतो, हे ध्यानात ठेवावे. आणखी पैसे लागले, तर इच्छुक लाभार्थ्याला ७०,००० रुपयांपर्यंतचे बँक कर्ज मिळवून देण्यास यंत्रणेने मदत करावी, असे मार्गदर्शक सूचना सांगतात. खासगी सावकाराचे दार ठोठावण्यापूर्वी पंचायत समितीत त्याची विचारणा करावी.

घर कोणी बांधायचे, याबाबत नियम स्पष्ट आहे. लाभार्थी कुटुंबाने स्वतः किंवा स्वतःच्या देखरेखीखाली घर बांधायचे आहे आणि त्यासाठी ठेकेदार नेमता येत नाही. त्यामुळे "सगळे हप्ते माझ्याकडे द्या, चावी हातात देतो" असे सांगणारा माणूस कितीही ओळखीचा असला, तरी त्याच्याशी असा व्यवहार करू नये. पासबुक, एटीएम कार्ड आणि मोबाइलवर आलेला गुप्त क्रमांक (ओटीपी) या तीन गोष्टी कुटुंबाबाहेर जाऊ देऊ नयेत. मंजुरी घरातल्या स्त्रीच्या नावे किंवा पती-पत्नीच्या संयुक्त नावे दिली जाते. विधुर, अविवाहित वा विभक्त राहणाऱ्या व्यक्तीसाठी अपवाद आहे. ज्या बाईचे नाव मंजुरीपत्रावर आहे, तिला खात्यातली रक्कम माहीत असावी, एवढी अपेक्षा फार नाही, पण ती सर्वत्र पूर्ण होतेच असे नाही.

शेवटी जागेविषयी. पात्र असूनही स्वतःची जागा नाही म्हणून कित्येकांचे नाव यादीतच राहते. त्यांच्यासाठी राज्याची पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी अर्थसहाय्य योजना आहे. तीत ५०० चौरस फुटांपर्यंतची जागा विकत घेण्यासाठी मिळणारे साहाय्य ५०,००० रुपयांवरून १,००,००० रुपये करण्यात आले. रस्त्यालगतच्या मोठ्या गावांत एवढ्या पैशांत जागा मिळणे अवघड असते, तरीही दोन-तीन कुटुंबांनी मिळून गावठाणालगतचा तुकडा घेतल्यास मार्ग निघू शकतो. वडिलांच्या किंवा भावाच्या नावावरील जागेत बांधायचे असेल, तर त्यांचे संमतीपत्र आणि ग्रामपंचायतीचा नमुना नंबर ८ चा उतारा ही कागदपत्रे पहिला हप्ता जमा होण्याआधीच तयार ठेवावीत. मंजुरीपासून बारा महिन्यांत घर पूर्ण करणे अपेक्षित असते, आणि भावकीचा वाद मिटण्याची वाट पाहण्यात त्यातले अर्धे वर्ष सहज निघून जाते.