साधी फाइल, गिट आणि जेकिल

तांत्रिक ब्लॉग सुरू करायचा म्हटलं की बरेच जण आधी डेटाबेस, होस्टिंग आणि अ‍ॅडमिन पॅनेलच्या मागे लागतात आणि पहिला लेख राहूनच जातो. तुम्ही रोज कोड लिहिता, म्हणजे टेक्स्ट एडिटर आणि गिट तुमच्याकडे आहेतच. त्यांना फक्त एका जनरेटरची, म्हणजे साध्या मजकुराच्या फाइलींपासून वेबसाइटची पानं बनवणाऱ्या साधनाची, जोड द्यायची. मी जेकिल सुचवतो. हे २००८ सालचं, रूबी भाषेत लिहिलेलं साधन गिटहब पेजेसवर, म्हणजे गिटहबच्या वेबसाइट-सेवेवर, आयतंच चालतं, त्यामुळे सुरुवातीला आपल्या मशीनवर रूबी बसवायचीही गरज नसते.

गिटहबवर एक पब्लिक रिपॉझिटरी करा आणि तिला 'युजरनेम डॉट गिटहब डॉट आयओ' असंच नाव द्या. दुसरं नाव दिलंत तर साइट उपफोल्डरमध्ये जाते आणि बेस-यूआरएल (पत्त्यातला उपफोल्डरचा भाग) चुकला तर सीएसएस सापडत नाही, पान उघडंबोडकं दिसतं. कॉन्फिग फाइलमध्ये तीन ओळी पुरेत: साइटचं नाव, 'मिनिमा' ही थीम आणि मराठीसाठी भाषेचा कोड. इंडेक्स फाइलचा लेआउट 'होम' ठेवा, म्हणजे लेखांची यादी आपोआप तयार होते. मग सेटिंग्जमधल्या पेजेस विभागात मेन ब्रँच निवडायची. उभारणी एवढीच.

आता लेख. तो अंडरस्कोर-पोस्ट्स या फोल्डरमध्ये, मार्कडाउनमध्ये (साध्या खुणांनी मांडणी करायच्या पद्धतीत) लिहायचा. फाइलच्या नावात आधी वर्ष, महिना, दिवस आणि मग शीर्षक, मध्ये डॅश. इथे मराठी कीबोर्ड चालू राहिला आणि तारीख देवनागरी आकड्यांत पडली, तर जेकिल त्या फाइलला पोस्ट मानतच नाही. एररही येत नाही, लेख नुसता दिसत नाही. नावातलं शीर्षकही रोमन अक्षरांत ठेवा. देवनागरीचं एक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं आणि पत्त्यात त्याची ९ अक्षरं होतात, म्हणजे 'डेटाबेस' एवढ्या एका शब्दाची ६३. अशी लिंक मेसेजमध्ये पाठवली की वाचणाऱ्याला नुसती टक्क्यांची चिन्हं दिसतात. मराठी शीर्षक फ्रंट मॅटरमध्ये, म्हणजे फाइलच्या सुरुवातीला लेखाची माहिती देणाऱ्या ओळींमध्ये द्या, आणि त्यात विसर्गासारखा कोलन असेल तर अवतरणचिन्हं घाला. नाहीतर फ्रंट मॅटर नीट वाचला जात नाही.

सगळ्यात चकवणारी गोष्ट वेळेची आहे. फ्रंट मॅटरमध्ये सकाळचे १० लिहिले आणि टाइमझोन दिला नाही, तर ती वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) धरली जाते, म्हणजे आपल्याकडचे दुपारचे साडेतीन. अकरा वाजता पुश केलेला लेख जेकिलच्या लेखी भविष्यातला ठरतो आणि सेटिंगनुसार वगळला जाऊ शकतो. तसं झालं तर साडेतीन वाजून गेले तरी तो आपसूक येत नाही, कारण पुढच्या पुशशिवाय बिल्ड, म्हणजे साइटची नव्याने बांधणी, होत नाही. वेळेपुढे +०५३० जोडा (अर्थात इंग्रजी आकड्यांत), प्रश्न मिटतो.

कोडचा स्क्रीनशॉट कृपा करून टाकू नका. वाचकाला तो कॉपी करता येत नाही, शोधता येत नाही, मोबाइलवर वाचताही येत नाही. कोडच्या आधी तीन बॅकटिक (`) आणि भाषेचं नाव, शेवटी पुन्हा तीन बॅकटिक, बस. मात्र अ‍ॅन्सिबल किंवा व्ह्यू अशा साधनांच्या कोडमधले दुहेरी महिरपी कंस जेकिलला स्वतःचेच वाटतात आणि त्यांच्यामधला मजकूर गायब होतो. असा कोड 'रॉ' आणि 'एंडरॉ' या टॅगांमध्ये ठेवायचा.

चित्रं साधारण १२०० पिक्सेल रुंद पुरेत. त्यांच्या फाइलींची नावं सगळी लहान लिपीत ठेवा, कारण विंडोजवर चालणारा कॅपिटल अक्षरांचा घोळ सर्व्हरवर चालत नाही. आणि मराठी मजकुराला लेटर-स्पेसिंग देऊ नका, शिरोरेषा तुटते. ओळींची उंची १.७ च्या आसपास ठेवलीत तर वरची वेलांटी आणि खालचा उकार एकमेकांना भिडत नाहीत.