आधी बोळा, मग पॉलिश पेपर

(बडोद्यातल्या मराठी मंडळींपुढे केलेलं भाषण, थोडं नीटनेटकं करून.)

मंडळी, विषय पत्रिकेवर वाचलाच असेल: जुनं फर्निचर घरच्या घरी आणि कमी खर्चात कसं नवं करावं. मला चाळीस मिनिटं मिळाली आहेत. त्यातली बरीचशी माझी ओळख करून देण्यात गेली, ती मी शेवटी वसूल करीन.

खरं सांगायचं तर मला एकच गोष्ट सांगायची आहे. जुन्या बाजारातून खुर्ची आणली की लगेच पॉलिश पेपर हातात घेऊ नका. आपल्याकडे हात फार शिवशिवतात. रविवारी सकाळी माणूस ऐंशी नंबरचा, म्हणजे चांगला खरखरीत पेपर घेऊन गच्चीवर बसतो आणि संध्याकाळपर्यंत खुर्चीचं सगळं आयुष्य भुसा करून मोकळा होतो. साग हवेने, उजेडाने पिकतो आणि तो पिकलेला रंग वरच्या पातळ थरातच असतो. तो घासून टाकला की खालून फिकं, कोरं लाकूड निघतं. मग तेच गृहस्थ रावपुऱ्यात जाऊन ‘सागाचा रंग आहे का हो?’ म्हणून विचारतात. (हशा)

ज्यांना हसू आलं नाही, त्यांनी हे केलेलं आहे असं मी धरतो.

आता सनमायका. हे दोन वाक्यांत उरकणार होतो, पण समोर एवढे ओळखीचे चेहरे दिसताहेत की राहवत नाही. एक काळ असा आला की आपल्या प्रत्येक घरात सागावर सनमायका चढला. का, तर पुसायला सोपा! दांडिया बाजारात माझ्या मामांचं लिहायचं टेबल होतं. अस्सल साग, खणांचे कोपरे एकमेकांत बोटं गुंतवल्यासारखे बसवलेले, एक खिळा नाही. मामींनी त्यावर हिरवा सनमायका लावून घेतला, पांढऱ्या रेघांचा. मामा त्यावर हिशेब लिहीत, आम्ही त्यावर पत्ते खेळत असू. मामा गेले. मामेभाऊ वाघोडिया रोडला फ्लॅटमध्ये गेला आणि टेबल कुणालाच नको झालं. भंगारवाला आला, त्याने वरून टिचकी मारली आणि म्हणाला, ‘काका, आ तो प्लाय छे.’ मी ते टेबल तिथेच उलटं केलं. खालून बघितल्यावर तो गप्प झाला आणि मग लगेच भाव वाढवायला लागला. भंगारवाल्याला जे उलटं केल्यावर दिसलं, ते घरातल्या शिकलेल्या माणसांना तीस वर्षांत दिसलं नव्हतं.

सनमायका कसा काढला, ते विचाराल म्हणून सांगतो. जुनं धोतर चौपदरी करून वर ठेवायचं, त्यावर गरम इस्त्री कडेपासून फिरवायची. चिकटवलेलं ढिलं झालं की लांबी (पुट्टी) भरायची पातळ पट्टी आत सारायची. घाई केली तर सनमायक्याबरोबर लाकडाच्या ढलप्याही निघतात. मामी बघायला आल्या. सगळं बघून झाल्यावर म्हणाल्या, ‘पण हिरवं छान दिसायचं रे.’ (हशा) माझा राग मामींवर नाही. ज्या सुताराने असलं टेबल बघूनही हो म्हटलं, त्याच्यावर आहे.

किती वाजले? चिठ्ठी आलीच का? बरं.

तर बोळा. जुन्या वस्तूवर कसला थर आहे, ते आधी ओळखायचं. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून खालच्या, न दिसणाऱ्या जागी थोडा वेळ टेकवा. चिकट झालं, तपकिरी रंग कापसावर आला, तर ती चपडी आहे. चपडी म्हणजे लाखेच्या किड्यांचा झाडाच्या फांदीवरचा स्राव, वितळवून आणि गाळून त्याच्या पापड्या केलेल्या. स्पिरिटला काही झालं नाही तर थिनरने बघा. त्याने मऊ पडलं तर लॅकर, म्हणजे थिनरमध्ये कालवून मारतात ते रोगण. दोन्हीला दाद दिली नाही तर मेलामाइन, पीयू (पॉलीयुरेथेन) असलं रासायनिक पॉलिश किंवा चांगला मुरलेला ऑइल पेंट, आणि तिथेच फक्त पेपरचं काम.

आपल्या बडोद्याजवळच्या संखेडा गावच्या लाखकामाच्या झोपाळ्यावर मात्र बोळासुद्धा नको. तिथे सागावर कथलाच्या रंगाने नक्षी काढतात, वर लाख चढवतात आणि अकीकाच्या दगडाने घासून चकाकी आणतात. कथील पांढरं असतं. लाखेखाली गेलं की सोनं दिसतं. स्पिरिट लावलंत तर सोनंही जाईल आणि आजीही रागावेल. कोरड्या मऊ फडक्याने पुसा, बस.

चपडी निघाली तर तुमचे पैसे वाचले. आधी टर्पेंटाइनच्या फडक्याने मेण आणि मळ काढा. त्याने चपडीला काही होत नाही. मग एक लिटर स्पिरिटमध्ये शंभर-सव्वाशे ग्रॅम चपडी, रात्रभर काचेच्या बरणीत, झाकण लावून. सकाळी मलमलमधून गाळा. मलमलच्या कपड्यात कापसाची पुरचुंडी करून पातळ, लांब हात मारा. नवा हात जुन्या थरात विरघळून एकजीव होतो, म्हणूनच खरवडायचं काम नाही. कपाचे पांढरे गोल डाग म्हणजे थरात शिरलेली ओल; अगदी कमी स्पिरिटच्या पुरचुंडीने हलकेच पुसा, जातात. पावसाळ्यात पॉलिशला हात लावू नका, दमट हवेत थर पांढरा पडतो. चिरा आणि खड्डे खडूच्या भुकटीत रामराज (पिवळी माती), गेरू आणि थोडी चपडी कालवून भरा. शाई आणि लोखंडाचे काळे डाग ऑक्झॅलिक ॲसिडने निघतात, पण ते विषारी आहे. हातमोजे घाला, नंतर भरपूर पाण्याने धुवा.

राहिलेलं भरभर सांगतो, चहा आला म्हणतात. कबाटाच्या दाराला वरून व्हेनिअर, म्हणजे चिकटवलेला लाकडाचा पातळ पापुद्रा असेल तर दोन-चार हात पेपर मारला तरी खालचं दिसायला लागतं, जपा. लहान भोकांतून ताजा भुसा पडत असेल तर ती वस्तू घरात आणण्याआधी किडीचं औषध मारा. जुना ऑइल पेंट असेल, विशेषतः पाळणा किंवा मुलांच्या पलंगावर, तर कोरडा घासू नका. आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशाची मर्यादा ९० पीपीएम (दहा लाख भागांत नव्वद) झाली ती २०१७ च्या नोव्हेंबरपासून; त्याआधीच्या रंगात किती शिसं आहे, डब्यावर लिहिलेलं नसतं. ओला पेपर, तोंडाला मास्क, पोरं दुसऱ्या खोलीत.

स्पिरिट असताना गॅस बंद, खिडक्या उघड्या. जवसाचं तेल वापरलंत तर बोळे चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. ते आपोआप तापतात आणि पेट घेतात. गच्चीत पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.