मुहूर्तापासून उलटं मोजा

नमस्कार श्रोतेहो. तुळशीची लग्नं लागली की कार्यालयांचे फोन खणखणायला लागतात, पण चांगल्या तारखा बहुतेक वेळा त्याआधीच गेलेल्या असतात. तेव्हा लग्न ठरलेल्या मुला-मुलींनो, कार्यालय आधी. साड्यांसाठी लक्ष्मी रोड कुठे पळून जात नाही.

कार्यालय बघायला गेलात की भाडं विचारण्याआधी ताबा कधी मिळणार आणि कधी सोडायचा, हे विचारा. सगळं गणित तिथेच फसतं. समजा मुहूर्त 12.35 चा आहे, पाहुणे तीनशे, आणि कार्यालय 4 वाजता रिकामं करून द्यायचंय. जेवणाच्या हॉलमध्ये एका वेळी शंभर पानं बसतात. वाढप, जेवण, उष्टी उचलणं, टेबलं पुसून पुन्हा पानं मांडणं, असा एका पंगतीला पाऊण तास धरा. अक्षता पडल्यावर पहिली पंगत पाऊण वाजता बसली, तर तिसरी उठेल 3 वाजता. नवरा-नवरी तोवर होमापाशीच असणार, आणि विहिणीची पंगत अजून व्हायचीच आहे! ती उठेपर्यंत पावणेचार. मग रुखवत, आहेर, भाड्याची भांडी, सगळं पंधरा मिनिटांत आवरायचं. यावर उपाय दोन: सकाळचा मुहूर्त शोधा, नाहीतर ज्येष्ठांना पंगत आणि बाकीच्यांना शेजारी बुफे ठेवा.

मुहूर्ताच्या आधीचा हिशेबही असाच उलटा करा. गौरीहर साडेअकराला, म्हणजे नवरी अकराला तयार हवी. नऊवारी, केस आणि मेकअप यांना अडीच तास लागतात, म्हणून साडेआठला बसायचं. नाश्ता त्याआधीच, लिपस्टिक लावल्यावर उपमा कुणी खात नाही, आणि मग दुपारी होमाच्या धुरात चक्कर येते. लाजाहोम, सप्तपदी वगैरेंना किती वेळ लागेल ते गुरुजींना आधीच विचारा आणि फोटोग्राफरलाही त्यांच्यासमोर बसवा. 'सप्तपदी परत एकदा चाला' यातच अर्धा तास जातो.

आता पानांची संख्या. केटरर हमीचा आकडा मागतो. त्याहून कमी पानं उठली तरी पैसे पूर्ण द्यावे लागतात, जास्त उठली तर वरचे वेगळे. म्हणून तीनशे येतील असं वाटत असेल तर हमी पावणेतीनशेची द्या आणि वरच्या पंचवीस-तीस पानांची तयारी ठेवायला सांगा. आकडा पत्रिका वाटून नाही, दोन्ही घरांनी फोन करून काढावा. नाश्त्याची पानं वेगळी मोजा, ती बरीच कमी असतात. मोजणी कशी होणार, उष्ट्या ताटांवरून की कूपनवरून, हेही आधी ठरवा. दुपारी चारला दमलेल्या वडिलांनी त्यावर वाद घालू नये.

करारात वीज युनिटप्रमाणे आहे का, जनरेटरचं डिझेल कोणाचं, सफाईचे पैसे आणि अनामत किती, बाहेरचा केटरर चालतो का, हे लेखी घ्या. संध्याकाळचं रिसेप्शन असेल तर उघड्यावरचा लाउडस्पीकर रात्री 10 ला बंद करावा लागतो. पेठेतलं कार्यालय असेल तर पार्किंगची आशा सोडा आणि मंडई किंवा कसबा पेठ मेट्रो स्टेशनवरून कसं यायचं, ते पत्रिकेच्या मेसेजमध्येच लिहा.

आणि नोंदणी. महाराष्ट्रात विवाहाची नोंदणी लग्नानंतर 90 दिवसांच्या आत करायची असते, नंतर दंड पडतो. तीन साक्षीदार लागतात. अर्जावर गुरुजींचीही सही लागते, म्हणून अर्ज आधीच भरून कार्यालयात आणा आणि दक्षिणा देतानाच सही घ्या. सीझनमध्ये ते पुन्हा सापडणं कठीण. दोन-तीन छापील पत्रिका बाजूला काढून ठेवा. विशेष विवाह कायद्याखाली लग्न करणार असाल तर 30 दिवस आधी नोटीस द्यावी लागते आणि नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत लग्न व्हावं लागतं, तेव्हा हॉलची तारीख त्या हिशेबानेच घ्या.