कबुलीजबाब: बांबेर्ग, १६२८

(रेग्निट्झ नदी. पात्राच्या मधोमध जुनं नगरगृह.)

जर्मनीतलं बांबेर्ग. १६२८ साली योहानेस युनियुस इथले एक नगराध्यक्ष होते. वय ५५. आरोप: चेटूक.

चेटूक म्हटलं की आपल्याला झाडू आठवतो, काळं मांजर आठवतं, भडकलेला जमाव आठवतो. या गोष्टीत जमाव नाही. कारकून आहे, दौत आहे, तारीखवार नोंदी आहेत.

(ताम्रपटावरून छापलेलं जुनं चित्र.)

ही इमारत १६२७ मध्ये बांधली. खास चेटकाच्या आरोपींसाठी तुरुंग. लोक म्हणत 'ड्रूडेनहाउस'. भिंतीवर बायबलमधलं वचनसुद्धा कोरलेलं! बांधणारे योहान गेओर्ग फुक्स फोन डोर्नहाइम. ते इथले बिशप, आणि राजेही तेच. आदल्याच वर्षी, ऐन मे महिन्यात हिम पडून द्राक्षमळे करपले होते. कुणीतरी करणी केली, अशी ओरड होतीच.

(कायद्याच्या ग्रंथाचं पान.)

कायदा नव्हता असं नाही. बांबेर्ग तेव्हा पवित्र रोमन साम्राज्यात होतं. त्या साम्राज्याचा १५३२ चा फौजदारी कायदा सांगत होता: सबळ संशय असल्याशिवाय छळ करू नये. देहदंडासाठी कबुली हवी, नाहीतर दोन चांगले साक्षीदार. वाचायला किती समंजस! पण चेटकाला डोळ्यांदेखत साक्षीदार कुठून मिळणार? उरली कबुली. ती कशी मिळवायची, ते कोठडीतल्या लोकांना ठाऊक होतं.

२८ जूनला चौकशी सुरू झाली. युनियुस नाही म्हणाले. ३० जूनला अंगठे स्क्रूच्या पट्ट्यांत आवळले. नाही. मग पाय. नाही. मग कपडे उतरवून अंग तपासलं. तिपानी पानासारखा एक निळसर डाग सापडला. तीनदा टोचला. दुखलं नाही, रक्त आलं नाही. कारकुनाने तेही लिहून घेतलं.

मग हात पाठीमागे बांधून दोरीने वर खेचलं. आठ वेळा. शेवटी जल्लादच विनवू लागला: खरं-खोटं काहीही असो, पण कबूल करा.

५ जुलैला त्यांनी कबूल केलं. बागेत एक मुलगी आली, बघता बघता तिचा बोकड झाला, वगैरे. तेवढ्याने भागलं नाही. साथीदार कोण? एकेका गल्लीचं नाव घेऊन विचारलं: इथे कोण राहतं, तिथे कोण राहतं?

(पत्र. वेडंवाकडं अक्षर.)

२४ जुलै. मुलीला, वेरोनिकाला लिहिलेलं हे पत्र. "निर्दोष असताना तुरुंगात आलो, निर्दोष असताना माझा छळ झाला, निर्दोष असतानाच मला मरायचं आहे."

ऑगस्टमध्ये त्यांना मारलं. त्या काही वर्षांत बांबेर्गच्या मुलखात अशी शेकडो माणसं गेली.

(कॅमेरा पत्राच्या समासावर.)

समासात आणखी थोडा मजकूर आहे. आपल्याविरुद्ध साक्ष देणाऱ्या सहा जणांची नावं युनियुसनी इथे लिहिली आहेत. त्यांच्याकडूनही जबरदस्तीनेच वदवून घेतलं होतं, आणि मरण्याआधी त्यांनी युनियुसची क्षमा मागितली.